जाळीचे आठ दिवस

उस्ताद,

एका घरट्यात चार अंडी दिसली, त्या सकाळी माझं सगळं बदललं. कबुतराची मादी एका वेळी दोनच अंडी घालते, हे तुम्हीच शिकवलेलं. चार निघाली म्हणजे जोडीत नर नाहीच, दोन्ही माद्या, अंडी वांझ. आणि ती जोडी तुम्ही लावली होती. तुम्ही, ज्यांच्याकडं सिल्लोडपासून लोक पिशवीत पाखरू घालून यायचे, नर का मादी एवढंच विचारायला.

महिनाभर आधी त्याच जोडीतल्या, तुम्ही नर ठरवलेल्या पाखराच्या पोटाखालची दोन हाडं मी अंगठ्यानं चाचपली होती. मधे चांगली फट होती. मादी आहे म्हणालो, तर तुम्ही चार लोकांसमोर पाखरू माझ्या हातातून काढून घेतलं. "हाडं काय बघतो? मान बघ, घुमणं बघ. अर्धं कॉलेज करून आला आन मला नर-मादी शिकवतो व्हय?" सगळे हसले. कॉलेज मी कबुतरांपायी सोडलं, असं तुम्हाला वाटायचं. मी सोडलं ते तुमची मुलगी दुपारी पाखरांचं पाणी घेऊन गच्चीवर यायची म्हणून.

दुष्काळाचं वर्ष होतं. आपल्या गल्लीत नळ आठ-आठ दिवस कोरडा, आणि चिकलठाण्याकडं उभ्या राहणाऱ्या इमारतींना रोज टँकर. पिल्लांना पाणी कुठून आणायचं म्हणून संक्रांत उलटली तरी तुम्ही नर-माद्या वेगळ्याच ठेवल्या होत्या. मग तुम्हाला राहवेना, तीनच जोड्या लावायच्या ठरवल्या. तुमचं ते काम बघत राहावं असं असायचं. खुराड्याच्या मधोमध जाळी, अलीकडं नर, पलीकडं मादी. आठ दिवस नुसतं बघायचं. मादी जाळीला चिकटून बसायला लागली की जाळी काढायची. कोपऱ्यात पाठ करून बसली तर तुम्ही नराला उचलायचात आणि तिच्याशी बोलायचात, "पटंना का गं? बरं, दुसरा बघू." इतकं मऊ बोलताना मी तुम्हाला घरात कधी ऐकलं नाही.

आणि मुलीला? अंडी दिसली त्याच्या आदल्याच दिवशी, रविवारी, तिला बघायला पाहुणे आले. मुलगा कंपनीत पर्मनंट, जालना रोडला नवा फ्लॅट. पोहे झाले, चहा झाला, दिवे लागायच्या आत सुपारी फुटली. जाळी नाही, आठ दिवस नाहीत. ती कोणत्या कोपऱ्यात बसली होती ते तरी बघितलं का तुम्ही? तुम्ही जाऊन आता सात वर्षं झाली. मी मातीला आलो नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही. स्वतःच्या गच्चीवर आज जाळी लावतानाही तुमचा राग येतो.

सोमवारी सकाळी ती चार अंडी ओंजळीत घेऊन मी जिना उतरलो. तुम्ही स्वैपाकघरात चहा पीत होता, तुमची मुलगी चुलीपाशी भाकरी थापत होती. तुमच्या बशीशेजारी मी अंडी ठेवली. तुम्ही बघत राहिलात. चूक कळली होती, तोंडानं कबूल केली नाही.

"पाखराला आठ दिवस देता," मी म्हणालो. "हिला एक तरी द्या. हिला विचारा."

तुम्ही बशी खाली ठेवली. "म्हंजे पाण्याच्या टायमालाच तुला पाखरं मोजायची असायची, व्हय? पाखरं बघायला ठेवलं तुला. माझ्या घरात बघायला नाय."

मी पुष्कळ बोललो. तुमच्या हाताला आता नर-मादी कळत नाही, माणूस काय कळणार, असंही बोललो. तुम्ही अंडी बशीपासून बाजूला सारली. बोलली ती. तव्यावरची भाकरी उलटून, माझ्याकडं न बघता.

"त्यांनी नाय विचारलं मला. तू तरी कधी विचारलंस का?"

हे पत्र पाखरांच्या बाजरीच्या डब्यात तळाशी राहील. इतकी वर्षं तुम्हाला शिव्या घालतोय, पण मीही तिला कधीच विचारलं नव्हतं. दुपारची दुपार गच्चीवर तिच्या हातातून कळशी घेतली आणि तिचं मन मला कळलंय असं मीच ठरवून टाकलं, तुम्ही त्या पाखराला नर ठरवलंत तसं. त्या सकाळीही तिला विचारलं नाही. चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.