अकरा दिवसांची घरघर

तारोडी,
३ डिसेंबर २०२४

चि. सदू यास,

धर्मादादाचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक. बोंबील बरा मिळतोय, वारा कोरडा आहे आणि तुझी शांताबाई वहिनी नेहमीसारखी सगळ्या घरावर ओरडतेय. काशीगावात तुमचंही बरं चाललं असेल.

तीन वर्षांनी दादाचं पत्र आलं म्हणून आठ्या घालू नकोस. फोन केला असता, पण इथे रेंज नसते.

कारण असं की मी रेडिओ बनवलाय. हेमालीच्या लग्नाला तू आला नाहीस, नुसता आहेर पाठवलास. त्याच हेमालीने साठीची भेट म्हणून घोडबंदरहून, सासरहून, मला खोका पाठवला. बोट पोराच्या, भूपेशच्या, हाती दिल्यापासून मी शांताबाईच्या पायात पायात येतो, अशी लेकीकडे तक्रार गेली होती. खोक्यात जुन्या तऱ्हेच्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे सुटे भाग. पितळी नळ्या, दातेरी चाकं, मोठा कर्णा आणि वर दाब मोजायचं घड्याळ. रेडिओ कसला, आगबोटीचं इंजिनच म्हण. मला ते जाम आवडलं.

चाकं कशालाच जोडलेली नाहीत आणि घड्याळ काहीच मोजत नाही, नुसती शोभा, हे भूपेशने दोन दिवसांनी सांगितलं. तोवर मी सगळ्या चाकांना ग्रीस लावून मोकळा झालो होतो.

आठ दिवसांत जोडणी झाली. बटण दाबलं, व्हॉल्व्ह लाल झाले, आणि कर्ण्यातून नुसती घरघर. आवाजाची कळ पार टोकाला फिरवली. मोठी घरघर.

एरियलची तांब्याची तार मी अंगणात बोंबलांच्या दोरीशेजारी ताणली होती. बाहेर येऊन बघतो तर शांताबाईने तिच्यावर जबड्यात जबडा अडकवून दीडशे बोंबील टांगलेले!

"दोरी मोकली दिसली," म्हणाली. "तांब्याची हाय तं काय झालं? बोंबील काय तांबं खातांन?"

सगळे उतरवले. तार घासून पुसली. घरघर तशीच. मग मी सोल्डरचा एकेक डाग उकलून पुन्हा दिला. असे अकरा दिवस. शेजारची उर्मिला दारात येऊन विचारून गेली, "धर्माकाका, तुमी तूर लावनार हाव का?" मला वाटलं बाईचं डोकं फिरलं.

शेवटी वैतागून रेडिओ खोक्यात भरायला घेतला. कंपनीला दोन पानी शिव्या लिहून तयार होत्या. शांताबाई माझ्याकडे पाठ करून मासळी साफ करत होती आणि एकटीच हसत होती. मी कर्णा उचलायला हात लावला.

सदू, तुला माहीत आहे, इंजिन बरं आहे की नाही हे मी झाकणावर हात ठेवून ओळखायचो. कर्ण्याखाली माझा तळवा थरथरत होता. घरघर एकसारखी असते. हे थरथरणं थांबत होतं, पुन्हा सुरू होत होतं, माणूस बोलतं तसं.

मी शांताबाईचा खांदा हलवून विचारलं, "हा वाजतोय?"

तिने तोंडाकडे बघितलं माझ्या. "अवो, अकरा दिस झालं वाजतंय! त्या शेतीच्या कार्यक्रमातली तुरीवरची अली मना पाठ झाली. सगल्या शेजाराला पाठ झाली!"

मी शिव्यांची दोन्ही पानं फाडून टाकली. ती पहिल्यांदाच ओरडायची थांबली.

भूपेशने भाईंदरला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चाळीस वर्षं इंजिनाशेजारी उभं राहिल्यावर असंच व्हायचं, म्हणाल्या. घरघर ऐकू येते, शब्द जातात. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यांनी विचारलं. भूपेश म्हणाला, "मॅडम, आमच्या गावात कोण हळू बोलतंय?"

रेंजचं मी खोटं लिहिलं. रेंज चांगली आहे. फोनवर मला तोंड दिसत नाही, म्हणून काही कळत नाही. आणि शंका मला आधीपासून होती. कबूल करायची लाज वाटत होती.

आता ते लिहितो, ज्यासाठी कागद घेतला. तीन वर्षांपूर्वी, त्या दिवशी, तू बोटीत मागे जाळ्यापाशी होतास, मी सुकाणूवर. जाळं बोटीच्या पंख्यात गेलं, फाटून समुद्रात वाहून गेलं. तू म्हणालास, दादा, थांब थांब म्हणून ओरडलो. मी गावकीसमोर देवीची शपथ घेतली की सदूने हाकच मारली नाही, तंबाखू मळत बसला होता. गावाने माझं, बोटीच्या तांडेलाचं, खरं मानलं. तू बोट सोडलीस, गाव सोडलंस, आणि खोटारडा म्हणून तुझं नाव झालं ते झालंच.

तू हाक मारली होतीस, सदू. मी चुकलो. येत्या रविवारी त्याच गावकीसमोर उभा राहून हे सांगणार आहे. तू तिथे असावास असं फार वाटतं. नाही आलास तरी सांगणार आहे.

रेडिओ चालू ठेवलाय. शांताबाई ऐकते, मी हात ठेवून बसतो. पत्र घेऊन येणाऱ्या भूपेशला चहा पाज, त्याचा काही दोष नाही.

आणि आलास तर दारातून हाक मारू नकोस. उत्तर आलं नाही म्हणजे दादा अजून रागावलाय असं समजून परत फिरशील. सरळ आत ये आणि खांद्यावर हात ठेव.

तुझी वाट बघणारा,
धर्मादादा