जर्मनीला जाण्याची माझी तयारी

८ जानेवारी
लेकीचा, समीक्षाचा, जर्मनीहून व्हिडिओ कॉल. एप्रिलमध्ये बाळ येणार! माझी बायको विमला रडली. मी रडलो नाही, कारण मी लगेच प्लॅनिंगला लागलो. दोघांनीही जायचं. तिकडे नियम फार कडक आणि सारखे बदलतात म्हणे. आपल्यामुळे पोरीला आणि जावयाला, रजतला, खाली पाहावं लागू नये. बालाघाटच्या सिंचाई विभागात तीस वर्षं काढली, नियम काय मला नवीन आहेत? उद्यापासून घरीच प्रॅक्टिस.

११ जानेवारी
अंगणात चार बादल्या. ओला, कागद, प्लास्टिक, बाकीचा. विमला म्हणाली, "गाडीवाला तं सारं एकातच टाकते." मुद्दा तो नाही. मुद्दा सवयीचा आहे.

१८ जानेवारी, रविवार
तिकडे रविवारी आवाज करायचा नाही. शेजारच्या भैयालालला आटाचक्की बंद ठेवायला सांगून आलो. तो म्हणाला, "भैया, इतवार को ही तो भीड़ रहती है." समज नाही. घरात मात्र कुकरच्या शिट्टीवर बंदी घातली. भात कच्चा राहिला. चावून खाल्ला तर पचतो.

२ फेब्रुवारी
तिकडे पायी चालणारासुद्धा हिरव्या दिव्याची वाट पाहतो. बस स्टँडजवळच्या चौकात थांबलो. सिग्नल बंद होता, तरी थांबलो. शेवटी ट्रॅफिकच्या शिपायाने हात धरून पलीकडे नेलं आणि विचारलं, "काका, घर में कोई है आपका?" वयस्कांविषयी आदर वाढतो आहे, चांगलं लक्षण.

१० फेब्रुवारी
जर्मन शिकतो आहे. चहावाल्याला "गुटेन मॉर्गन", म्हणजे सुप्रभात, म्हटलं. त्याने कट चहा दिला. उच्चार जमला असावा.

२१ फेब्रुवारी
काल रात्री समीक्षा बोलता बोलता म्हणाली, तिकडे नवा नियम आला, जुने कपडेही आता वेगळे द्यायचे. लगेच पाचवी बादली! पडवीत जुनी लुगडी घडी करून पडली होती, ती सगळी त्यात. सकाळी कचरागाडी आली, घेऊन गेली. नियम कळल्याबरोबर पालन. बालाघाटात पहिलाच असेन.

२१ फेब्रुवारी, दुपार
ती लुगडी कचरा नव्हती. विमलाने बाळाच्या दुपट्यांसाठी लालबर्र्याहून मावशीकडून, बहिणीकडून मऊ झालेली मागून आणली होती. तिच्या आईचंही एक होतं. ती नुसती रिकाम्या पडवीत उभी राहिली. मी ऑटो करून नगरपालिकेच्या कचरा डेपोवर गेलो. ढिगात हात घातले. हिरव्या काठाचा एक तुकडा सापडला. बाकी काही नाही.

२२ फेब्रुवारी
तुकडा तिच्या आईच्याच लुगड्याचा निघाला! विमलाने तो गरम पाण्यात उकळला, वाळवला, पिशवीत ठेवला. माझ्याशी अजून बोलत नाही. पण तुकडा मिळाला म्हणजे इथली व्यवस्था वाटते तेवढी वाईट नाही.

५ मार्च
समीक्षाचा फोन. "बाबा, आता आईलेच पाठवा. तुम्ही मंग या." मी विचारलं, काहून? एका वेळी एकाच पालकाला येऊ द्यायचं असा नियम निघाला का? ती म्हणाली, "हौ बाबा, तसंच समजा." पाहा, किती वेगाने बदलतात! चहाच्या टपरीवर सगळ्यांना समजावून सांगितलं. एकाने आपल्या साळ्यालाही कळवलं.

६ मार्च
विमला आज बोलली. तेरा दिवसांनी. म्हणाली, "तसा काही नियम नाही. मीच तिले म्हटलं, का एकटीच येतो. मले पोरीजवळ निवांत राहू द्या." मी म्हटलं, मग तिथले नियम तुला कोण सांगणार? ती म्हणाली, "पोरगी चार वर्षांपासून तिथं आहे नं. तिले ठाऊक आहे." मला हे पटलं नाही. पण भांडलो नाही. आवाज कमी ठेवण्याची सवय कामी आली.

२८ मार्च
विमला गेली. समीक्षाची मैत्रीण रूपाली तिकडेच राहते, सुट्टी संपवून ती परत चालली होती, तिच्या सोबतीने. विमानतळाकडची गाडी सुटताना विमलाने खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं टाटा करते आहे. तिने माझी कॉलर नीट केली आणि म्हणाली, "जेवत जा."
घरी आलो. दारातूनच सवयीने जोरात म्हटलं, चपला बाहेर काढायच्या.
मग बाहेर जाऊन माझ्याच काढल्या.