शून्य तक्रारींचं गाव

४ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची. कंडक्टरने माझी ट्रंक बसमधून अक्षरशः लोटून दिली. ओठांवर आलेली शिवी मी गिळली, कारण समोरच ती पाटी दिसली. गावाच्या तोंडाशी भलीमोठी पांढरी पाटी, त्यावर निळ्या अक्षरांत लिहिलंय, सलग नऊ वर्षे, गुन्हे शून्य. ते शून्य एवढं मोठं रंगवलंय की त्यातून म्हैस आरामात जाईल. मला हसूच आलं. शहरात माझं घर दोनदा फोडलं. तिसऱ्यांदा भर रस्त्यात गळ्यातली साखळी गेली, तेव्हा पोलिसांनी उलट मलाच विचारलं की असलं घालून बाहेर पडायचं कशाला. त्याच दिवशी बदलीचा अर्ज टाकला. दादा म्हणाला, असल्या गावात तू आठवड्यात कंटाळशील. मेला कंटाळाच तर हवाय मला.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत तपासणी, मागच्या खोलीत मी. पुढे एक लोखंडी पलंग, औषधांचं कपाट, आणि एक वजनकाटा जो प्रत्येकाला दोन किलो हलकं दाखवतो. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, म्हणजे यायचे असतात. बाकीचे दिवस सगळा कारभार नर्सबाईंचा, म्हणजे माझा.

शेजारच्या मावशी लगेच चहा घेऊन आल्या. सत्तरीच्या असतील, पण हात कामाचे. ट्रंक आत घेऊ लागल्या, जमीन पुसली, पडदे लावून दिले. मी नको नको म्हणतेय आणि त्या ऐकतायत कुठे.

मागच्या दाराला आतून कडीच नाही. मावशी म्हणाल्या, गावात कुणाच्याच दाराला नाही. नऊ वर्षांपूर्वी सगळ्यांनी मिळून कड्या काढून टाकल्या. सुतार घरोघर फिरला आणि एक पैसा न घेता त्याने स्क्रू काढून दिले. चोर कुणी नाही, मग दार कुणासाठी बंद करायचं, असं त्यांनी मलाच विचारलं. मला भरून आलं. तरी आजच्या दिवस दाराला खुर्ची लावून झोपणार आहे. सवय जात नाही.

७ नोव्हेंबर

आज मास्तर भेटायला आले. शाळेतून निवृत्त झालेत आणि आता गावच्या सुरक्षा समितीचे अध्यक्ष आहेत. पांढरे कपडे, मऊ आवाज, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणारा माणूस. त्यांच्याकडून कळलं की २५ तारखेला जिल्ह्याहून मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. दहावं वर्षही शून्यावर गेलं तर गावाला हमरस्त्यापर्यंत डांबरी रस्ता मिळणार. मला हे मनापासून पटलं. परवाच एका बाळंतिणीला त्या खडीवरून बैलगाडीत नेताना दर खड्ड्याला मी तिला घट्ट धरून बसले होते.

सुतारानेही येऊन औषधांसाठी फळी ठोकून दिली. पैसे विचारले तर लाजला. गावातला प्रत्येक जण सांगतो की माणूस सोनं आहे, आणि फळी खरंच सुरेख झालीय.

माझी टॉर्च मिळत नाहीये. मावशींना म्हटलं चोरीला गेली वाटतं, तर त्यांनी चटकन इकडेतिकडे पाहिलं आणि मला सुधारलं. चोरी नाही, हरवली असेल.

११ नोव्हेंबर

टॉर्चनंतर छत्री गेली, छत्रीनंतर माझी चांगली कात्री. दूधवाल्याची सायकल परवा गेली आणि आज मी ती तीन घरं सोडून उभी पाहिली. त्याला जाऊन सांगितलं तर त्याने कानांवर हात ठेवले. म्हणाला, ती गेली ताई, आता दुसरी घेईन. म्हणजे या गावात चोरी होत नाही, वस्तू आपल्या पायांनी चालत जातात.

माणसं मात्र पडतात. आठवडाभरात मी चार डोकी शिवली. एकाच्या टाळूवर फावड्याच्या कडेचा सरळ वार. कसं झालं विचारलं, तर पडलो. दुसरा पडला, तिसरी पडली. इथली जमीन फारच निसरडी दिसते. हे मी मास्तरांना गमतीने म्हटलं तर ते हसले नाहीत.

१५ नोव्हेंबर

सुताराची बायको आली. तेवीस-चोवीस वर्षांची, काडीसारखी पोर. उजवं मनगट मोडलंय. दंडाचं हाड आधी कधीतरी मोडून वाकडं जुळलंय, आणि गळ्यावर बोटांचे वळ. मावशी सोबत आल्या होत्या आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच देत होत्या. धुण्याच्या दगडावर घसरली म्हणे. दगडाला बोटं कधीपासून फुटली, हे जिभेवर आलं होतं.

मावशींना गरम पाणी आणायला पिटाळलं आणि तिला विचारलं. आधी ती दाराकडे बघत राहिली, मग भडाभडा बोलली. तो हातोड्याच्या दांड्याने मारतो. माहेरी दोनदा पळून गेली, दोन्ही वेळा बापानेच परत आणून सोडलं. मी म्हटलं, माझं दार तुझ्यासाठी उघडं आहे, केव्हाही ये. तर म्हणाली, ताई, इथे सगळ्यांचीच दारं उघडी असतात. आणि एवढ्या दुखण्यात ती हसली. मला ते हसणं सोसवलं नाही.

तोच सोन्यासारखा माणूस. त्याने ठोकलेल्या फळीवर माझी औषधं आहेत. उद्या सगळी खाली काढते.

१७ नोव्हेंबर

मास्तरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि चहा मागवला. त्यांना सगळं माहीत आहे. मला हेच आधी कळायला हवं होतं, सगळ्यांनाच सगळं माहीत आहे. ते म्हणाले, मारणं वाईटच, मी त्याला समज देतो. पण तक्रार म्हणजे आकडा. आकडा म्हणजे रस्ता गेला. एका बाईपायी अख्ख्या गावाचा रस्ता अडवायचा का, तुम्हीच सांगा, तुम्ही तर नर्स आहात. हे सगळं इतक्या गोड आवाजात की क्षणभर मलाच वाटलं आपलंच काही चुकतंय. बाहेर आले आणि संतापाने रडले.

१९ नोव्हेंबर

काल पाण्याच्या टाकीवर चढून फोन केला, रेंज फक्त तिथेच येते. आज मोठ्या ठाण्यातून दोन पोलिस आले. गावाने त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला. सुतार मान खाली घालून उभा, गरीब गायच जणू, मागे त्याची बायको. तिला विचारलं. ती म्हणाली पडले. पोलिस म्हणाले, बाई स्वतः बोलत नाही तोवर आम्ही काय लिहिणार. मग विचारलं फोन कुणी केला होता, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एकाच्याही चेहऱ्यावर राग नव्हता. तेच वाईट होतं.

सगळे गेल्यावर ती प्लास्टर दाखवायचं निमित्त करून आली. कानाशी लागून म्हणाली, नवऱ्यासमोर जीभ उचलत नाही, पण २५ला मोठे साहेब येतील तेव्हा त्यांच्यासमोर बोलेन. त्यांच्याबरोबर गाड्या असतील, मला घेऊन जातील ना? मी म्हटलं, मी स्वतः तुला गाडीत बसवीन.

२० नोव्हेंबर

संध्याकाळी मावशी आल्या आणि माझ्याजवळ बसून रडल्या. त्यांचा नवराही मारायचा, जन्मभर मारलं, कुणी एका शब्दाने विचारलं नाही. पोरीचं काय होणार म्हणून त्यांचा जीव तुटत होता. मला राहवलं नाही. सांगून टाकलं, काळजी करू नका, २५ला ती साहेबांसमोर बोलणार आहे. मावशींनी माझ्या गालांवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिल्या.

कुणाला तरी सांगून बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर

फोन गेला. उशाशी होता. चोरीला नाही गेला, गेला.

ब्लाउज शिवायला दिला होता म्हणून शिंप्याकडे गेले. मान वर न करता तो म्हणाला, ताई, जरा जपून. आधीच्या नर्सबाईंच्या हातून चूक झाली होती. मी विचारलं कसली चूक. चुकीचं इंजेक्शन, पेशंट दगावली, बाईंची नोकरी गेली, केस अजून चालू आहे. पेशंट कोण होती? दूधवाल्याची पहिली बायको. तिला आधी काय झालं होतं? तो मशीन चालवत राहिला. मी पुन्हा विचारलं.

म्हणाला, पडली होती.

२२ नोव्हेंबर

मावशी. मावशींनी सांगितलं. आज चहा घेऊन आल्या तेव्हा मी सरळ विचारलं, तुम्ही कुणाला बोललात का? त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, मी ते सोसलं ते गावासाठीच ना, मग तिला काय झालंय न सोसायला. चहा ठेवून गेल्या. मी तो मोरीत ओतला.

माझीच जीभ. गाढवासारखी मी, गाढवासारखी. तिच्या घरी गेले तर सुतार दारात उभा. म्हणाला, झोपलीय, बरं नाही. आत सगळं शांत होतं. मी तिला हाक मारली. दोनदा मारली.

२३ नोव्हेंबर

सकाळपासून एकही पेशंट नाही. समोरच्या कट्ट्यावर दोघं बसलेत. दुपारी ते उठले, दुसरे दोघं बसले. मास्तर सांगून गेले की समितीने माझ्या सुरक्षेसाठी माणसं नेमलीत.

पिशवी घेऊन बसकडे निघाले. ठाण्यात जाऊन स्वतः उभी राहिले असते. दोघं सोबत चालत आले, अगदी आदराने. बस दिसली. त्यांनी हात केला आणि ती न थांबता पुढे गेली. माझी पिशवी एकाने घेतली, म्हणाला, ताई, ऊन फार आहे. परत आणून सोडलं.

सुताराच्या घराकडे जाऊ देत नाहीत. बाकी कुठेही जा म्हणतात.

२४ नोव्हेंबर, दुपार

तिला आणलं. चौघांनी सतरंजीवर घालून आणलं आणि लोखंडी पलंगावर ठेवलं. पडली म्हणे, माळ्यावरून. डोकं मागून – कानातून रक्त. डोळ्याची एक बाहुली मोठी, एक लहान. नाडी आहे. मी ओरडले, गाडी बोलवा, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या, वाचू शकते. कुणी हललं नाही. मास्तर म्हणाले, नर्सबाई, तुम्ही आहात ना. म्हणून तर तुमच्याकडे आणलं.

तेव्हा कळलं. माळ्यावरून पडली तर चौकशी होईल, आकडा होईल. इथे, माझ्या हाताखाली गेली तर –

मी इंजेक्शन दिलेलं नाही. हे लिहून ठेवते. एकही सुई टोचलेली नाही. सलाईनसुद्धा नाही. फक्त डोकं बांधलं, कुशीवर वळवलं, श्वास मोकळा ठेवला.

संध्याकाळ

डावा हात तिच्या नाडीवर, उजव्याने लिहितेय. अंगणात सगळं गाव बसलंय. बायका, म्हातारे, शिंपी, दूधवाला. कुणी भांडत नाही. एकमेकांना पाणी देतात. सुतार भिंतीशी बसून रडतोय आणि लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवतायत. त्याच्या.

मास्तर आत आले. पलंगाकडे न बघता म्हणाले, तुमच्यावर केस होऊ देणार नाही आम्ही, मागच्या वेळी फार वाईट वाटलं. तुम्ही फक्त म्हणायचं, घरातच पडली, आणेपर्यंत गेलेली होती. नर्सबाईंनीच सांगितलं की पुढे कुणी विचारत नाही. मी म्हटलं, ती मेलेली नाही. ते म्हणाले, आम्हाला घाई नाही.

२५ नोव्हेंबर, पहाट

आहे. श्वास आहे.

मी डोळा लागू दिला नाही. तिच्याशी बोलत बसले. साहेब येतील, गाड्या येतील, थोडं थांब गं, एवढी सकाळ काढ.

सकाळ

डोळे उघडले तिने. उघडले. मला ओळखलं. बोट धरलं माझं. ओठ हलले, मी कान लावला – गाडी आली का, विचारलं.

हो म्हटलं. येतेय. खरंच येतेय, रस्त्यावर धूळ दिसतेय, लांब, पण दिसतेय, पाटीच्या पलीकडे –

बाहेरच्यांनीही पाहिली.

मावशी आल्या. हातात उशी. म्हणतात, मानेखाली देते, अवघडली असेल पोर. उशी नको म्हटलं. डोक्याला मार आहे, हलवायचं नाही. त्या म्हणतात, तुम्ही दमलात, जरा बाहेर बसा, मी बघते. मागून आणखी दोघी आल्या. तिघी. चौघी.

मी तिच्या अंगावर वाकून बसलेय. हलणार नाही. गाडीचा आवाज ऐकू येतोय, तिलाही येतोय, बोट घट्ट धरलंय तिने. खांदे ओढतायत माझे – मावशी म्हणतायत सोडा ताई, तुमचं नाव कुठे येणार नाही – मी सोडणार ना