सीताफळाच्या झाडाची चालती सरासरी

१ ऑक्टोबर, गेवराई.
अंगणातील सीताफळे कोणीतरी लंपास करीत आहे. विहीणबाईंना पहिली पाटी आष्टीला पाठवण्याचा शब्द माझ्या पत्नीने, सत्यशीलाने, दिला आहे. गतवर्षीही दिला होता. फळे पोहोचली नाहीत. विहीणबाई आमच्या लेकीला अजून ऐकवतात, "तुझ्या माहेरचं झाड लई गोड हाय. बोलण्यात." सत्यशीला म्हणते, असतील तेवढी उतरवून घ्या. मी म्हणालो, आधी चोर. घरात निवृत्त गणितशिक्षक असताना चोर सापडू नये? पायथॉन शिकण्यास आरंभ.

४ ऑक्टोबर.
प्रोग्राम सिद्ध. तत्त्व सुबोध आहे. झाडावर रोखलेल्या कॅमेऱ्याचे प्रत्येक नवे चित्र जुन्या सरासरीत किंचित मिसळायचे. विरजणात थेंब थेंब दूध सोडावे तसे. स्थिर असेल ते सरासरीत मुरते, हलते ते पुसले जाते. ताज्या चित्रातून सरासरी वजा केली की उरेल तो चोर. तो दिसताच लॅपटॉप भोंगा वाजवतो.

७ ऑक्टोबर.
भोंगा वाजला. सत्यशीला, खराट्यासह. पुन्हा वाजला. शेजारचे धुळाजी, ताक मागण्यास आलेले. म्हणाले, "सर, ताक नसंल तर न्हाई म्हणा. भोंगा कावून?"

९ ऑक्टोबर.
मेहुणा त्रिंबक रोज दुपारी झाडाखालच्या बाजेवर बसून माझे विवेचन ऐकतो. असा विद्यार्थी उभ्या नोकरीत लाभला नाही. जांभईसुद्धा तोंड मिटून देतो. आज विचारले, "दाजी, म्हंजी गपचीप बसलेला माणूस त्याला दिसतच न्हाई?" मूलगामी प्रश्न. किती वेळ बसावे, हात किती हळू न्यावा, सारे सोदाहरण सांगितले. त्याने दोनदा वदवून घेतले.

१२ ऑक्टोबर.
फळांचे डोळे उघडू लागले, म्हणजे काढणीस आली. सत्यशीला पाटी घेऊन आली, मी परत पाठवली. आमिषच काढले तर प्रयोग कशावर करायचा? फांद्या विरळ भासतात. उन्हामुळे असावे.

१५ ऑक्टोबर.
दिवसभर भोंगा. प्रत्येक वेळी मीच. शिकवताना माझे हात फार हलतात. सत्यशीलाचे मत : प्रोग्रामला माणसांची पारख आहे. संकल्प : हात पाठीशी बांधून शिकवणे.
सायंकाळी : जमले नाही.

१९ ऑक्टोबर.
सत्यशीलाला सरासरीचे चित्र दाखवले. निर्मळ अंगण, एकही माणूस नाही. ती म्हणाली, "अहो, बाजेवर आमचा त्रिंबक हाय की." समजावले की इतका वेळ स्थिर बसल्याने तो आता पार्श्वभूमीत जमा आहे, माणसांत नव्हे. तिने विचारले, "मग पार्श्वभूमीच्या मांडीवर पिशवी कशाची?" उत्तर न ऐकताच झाडाकडे गेली. एक फळ उरले होते, तेही पाखरांनी टोचलेले.
त्रिंबक आज आला नाही. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे त्याने ताडले असावे.

२१ ऑक्टोबर.
आष्टीहून लेकीचा फोन. मामा भरली पाटी घेऊन गेला होता. विहीणबाईंनी त्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला; म्हणाल्या, शब्द पाळावा तर मामानं. सत्यशीला माहेरच्या अभिमानाने दिवसभर गुणगुणत आहे. माझी चौकशी निघाली तेव्हा त्रिंबक तिथे म्हणाला म्हणे, "दाजींच्या झाडाला फळं कुठली? औंदा भोंगा लागलाय."
हे चूक आहे. भोंगा लॅपटॉपला आहे.