उलटी काच

देवळी,
२ जुलै २०२५

चि. अंकित यास,
आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

शनिवार, १४ जून २०२५, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. तू दारातूनच, लेन्स पुसून आणतो मोठ्याई, एवढं ओरडलास आणि मोटारसायकलवर बसून समुद्रपूरला निघून गेलास. मी हो म्हटलेलं नाही. हे लिहून ठेव. मी तहसीलमध्ये एकतीस वर्षं अव्वल कारकून होते, आणि त्याआधी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरांनी शिकवलं होतं की जे कागदावर नाही ते घडलंच नाही. म्हणून फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तुझं नेटवर्क नेमकं माझ्याच वाक्याला जातं.

तुझ्या मोठ्या बाबांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, ती रशियन लेन्स भिलाईच्या एका इंजिनिअरकडून कॅमेऱ्यासकट घेतली, तेव्हा ती साधी, सरळ होती. शहाऐंशी साली गिरडच्या उरुसात फोटो काढून आले तेव्हा तिच्यात धूळ शिरली होती. ह्या माणसानं ती माझ्या पोळपाटावर उघडली, पुसली, आणि पुढची काच उलटी बसवली. दुसऱ्या दिवशी एका लग्नाची ऑर्डर होती. सगळ्या फोटोंत नवरीचा चेहरा लख्ख आणि मागचा मांडव तिच्याभोवती जात्यासारखा गरगर फिरतो आहे. नवरीचा बाप भांडून गेला. आठवड्याभरानं नवरी एकटी आली आणि त्याच फोटोची दुसरी कॉपी मागून घेऊन गेली. पुढं तीस वर्षं अर्धा तालुका फिरता फोटो काढायला आमच्या अंगणात येऊन बसायचा. काच सुलट करण्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढू दिलं नाही.

तू काढलेले लग्नांचे फोटो मी पाहिले आहेत. तुझ्या नवऱ्या पिठाच्या डब्यातून काढल्यासारख्या दिसतात. तेव्हा काच म्हणजे काय हे तुला माहीत असेल अशी माझी अपेक्षा नव्हती. पण घरात काय चाललं आहे ते तुला ठाऊक होतं. गेल्या ऑगस्टपासून ते मला ओळखत नाहीत. मी जेवण वाढते तेव्हा विचारतात, बाई, तुम्ही कोणत्या गावच्या. फक्त सकाळी नऊला मी निंबाखाली स्टुलावर बसते, ते रोल नसलेला कॅमेरा डोळ्याला लावतात, माझ्यामागचा निंब फिरायला लागतो, आणि म्हणतात, जोस्ना, हनुवटी खाली घे, हसू नोको. लग्नापासून हेच म्हणत आले. मग जेवणापर्यंत मी जोस्ना असते.

पंधरा दिवस मी वाट पाहिली. रविवारी तू लेन्स परत आणलीस, चकचकीत. सोमवारी ते त्यातून बघून मला म्हणाले, फोटो उद्या भेटतील, जा आता. मी बघितलं. निंब जागच्या जागी उभा. पान न् पान मोजून घ्यावं. ही कोणाची लेन्स आणून दिलीस?

लोभ तूर्त स्थगित ठेवला आहे.

तुझी मोठ्याई,
ज्योत्स्ना


समुद्रपूर,
८ जुलै २०२५

ती. मोठ्याईस,
सा. न. आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या सुनेनं, काजलनं, आधी वाचलं. पिठाच्या डब्यावर ती इतकी हसली की मले स्वतःचाच राग आला. शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो, चुकलं तर लाल पेन चालव.

लेन्स तीच आहे, पुढची काच तेवढी दुसरी आहे. नागपूरचा मिस्त्री म्हणाला, आत बुरशीचं जाळं आहे आणि कोण्या येड्यानं काच उलटी बसवली आहे. मी म्हणालो, असू द्या, तशीच राहू द्या. तो हो म्हणाला. पण काच साफ होईना म्हणून त्यानं दुसऱ्या मोडक्या लेन्समधली काढून सुलट बसवली, आणि काच लख्ख दिसली म्हणून मले वाटलं त्यानं माझ्यावर उपकारच केले. जुनी काच भंगारात गेली. तीनदा जाऊन आलो. भंगारवाल्याच्या गोदामात दिवसभर बसलो. त्यानं मले पाणी पाजलं, काच काही सापडली नाही.

एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. त्या शनिवारी तू चहा ठेवायच्या आधी अंगणात वाळलेले कपडे काढत होतीस, निंबाखालीच. मोठे बाबांनी कॅमेरा डोळ्याले लावलेला होता. तुझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि मले हळूच विचारलं, ही बाई कोण हाये रे. मग म्हणाले, काच आंधळी झाली, अंकित, नेऊन दाखव कोणाले. म्हणून नेली. मले खरंच वाटलं की काचेतच काही असेल. तुला विचारलं असतं तर हे सांगावं लागलं असतं.

पुण्याच्या एका माणसाकडून तशीच लेन्स मिळवली. पुढची काच मी माझ्या हातानं उलटी बसवली, आमच्या निंबावर बघितलं, फिरते. काजलचा भाऊ सूरज उद्या देवळीले येऊन राह्यला, त्याच्या हाती पाठवतो. वाटल्यास मले दहा शिव्या दे, पण त्यांना एकदा दाखव.

मोठे बाबांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
अंकित


देवळी,
१६ जुलै २०२५

चि. अंकित यास,
आशीर्वाद. वि. वि.

लेन्स पोचली. काजलला सांग की सूरज तीन वेळा जेवला आणि लाजला एकदाही नाही.

आधी मी पाहिलं. स्टुलावर उशी ठेवली आणि तिच्यावर फोकस केला. निंब फिरला. कडेचा उजेड तसाच ओघळला. हात चांगला आहे तुझा. मी कारकुनाच्या डोळ्यांनी चुका शोधल्या, एकही सापडली नाही. सापडली असती तर बरं झालं असतं.

नऊला त्यांच्या हातात कॅमेरा दिला आणि जाऊन बसले. त्यांनी खूप वेळ बघितलं. फोकसची कडी अलीकडं पलीकडं केली, अगदी पूर्वीसारखी, बोटांच्या टोकांनी. मग कॅमेरा खाली घेतला आणि आदबीनं म्हणाले, बाई, जराशा बाजूले सरकता का, तिथं माही बायको बसणार हाये.

मी उठले. स्टूल रिकामं ठेवून त्यांच्या बाजूला उभी राहिले. अकरापर्यंत ते त्या स्टुलाकडं बघत बसले. ऊन चढलं तेव्हा मला म्हणाले, तिले तयार व्हाले वेळच लागते.

आता तुझ्या पत्राविषयी. त्यातला तिसरा परिच्छेद मी वाचलेला नाही. आमच्या कार्यालयात ज्या पत्रातला मजकूर स्वीकारण्याजोगा नसे ते दुरुस्तीसाठी परत जायचं. तुझं पत्र सोबत परत जोडलं आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ते कॅमेऱ्यातून बघून गप्प बसायचे आणि मीच आधी हनुवटी खाली घ्यायची, म्हणजे त्यांना पुढचं आठवायचं. तेरा तारखेला तेही आठवलं नाही. हेही मी कुठं लिहिलेलं नव्हतं. आत्ता लिहिलं, ते खोडून वाच.

दुरुस्त पत्रात असं लिही: शनिवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांपर्यंत काच उत्तम होती. त्यांनी तुझ्यासमोर मला नावानं हाक मारली. तू न विचारता लेन्स नेलीस आणि बिघडवलीस, आणि पुढं जे झालं ते त्यामुळं झालं. तू तरणा आहेस, एवढा राग तुला झेपेल. मला तो कोणावर तरी काढायचा आहे, आणि देवळीत आता माझं नाव माहीत असलेली माणसं फार उरली नाहीत.

लोभ पूर्ववत केला आहे. उत्तर लेखी, सहीनिशी, गुरुवार ३१ जुलै, संध्याकाळी पाचच्या आत मला मिळालं पाहिजे.

तुझी मोठ्याई,
ज्योत्स्ना