गुरुवारी शटर बंद असतं

५ फेब्रु., गुरुवार
सुट्टी. धुणं उरकून नेहमीसारखी कापड कापायला बसले, तोच मोबाइलवर फोटो. आपलंच शटर, आपलंच कुलूप. खाली एक ओळ : ‘प्रत्यक्ष पाहणी केली. युनिट बंद. कामगार शून्य.’

उद्योग कार्यालयाचे साहेब न सांगता येऊन गेले. भोसरीत. गुरुवारी!

तीन वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून कर्ज काढून सहा शिलाई मशिनं घेतली. अनुदान तेव्हाच मंजूर, पण बँकेत अडकवून ठेवलेलं. तीन वर्षं धंदा चालवून दाखवा, सहा जणांना काम द्या, मग साहेब बघतील आणि ती रक्कम कर्जातून वजा होईल. हे असं बघितलं! अनुदान परत गेलं तर मशिनं विकावी लागतील. बायकांना कोणत्या तोंडानं सांगू?

६ फेब्रु., शुक्र.
कर्जाच्या फॉर्मची झेरॉक्स सापडली. ‘साप्ताहिक सुट्टी’ : रकाना कोरा. मीच सोडलेला. गुरुवार हे काय लिहायचं, सगळ्यांना माहीतच आहे, असं वाटलं असणार. लातूरहून नवीन आले तेव्हा रविवारी कामावर जाताना मलाच रडू यायचं. ते बरं विसरले.

मंगलताई आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या, चऱ्होलीच्या. त्यांना सांगितलं. “आवं, पूर्वी गुरवारी कारखान्यांची लाइट बंद ठेवायचे, तवापास्नं अख्ख्या भोसरीला हीच सुट्टी हाय. सायबाला एवढं ठावं न्हाई व्हय?”

साहेब नुकतेच विदर्भातून बदलून आलेत. त्यांना कुठून ठाऊक असणार.

१० फेब्रु., मंगळ.
कार्यालयात बाकावर अडीच तास. सोबत वर्षभराची लाइट बिलं, माल पोचवल्याची चलनं. साहेबांनी सगळं चाळलं. माणूस वाईट नाही, पण बघतात असं की आपण चोरी करून आलोय.
“मग रविवारी चालू असतं?”
“असतं की. रविवारी या ना, साहेब!”
निघून गेलं तोंडातून. सरकारी माणसाला रविवारी कामाला बोलावलं मी. जीभ चावली. त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं, मला दिसलं नाही.

१४ फेब्रु., शनि.
फोन आला. २२ला येतो म्हणाले. रविवारी!! जीव भांड्यात पडला.

आणि लगेच आठवलं, फॉर्मवर सहा कामगार आहेत. आपल्याकडे पाच. सीमा दिवाळीत बाळंतपणाला गावी गेली ती परत आलीच नाही. तिच्या मशिनवर मीच बसते.

शेजारच्या गाळ्यातले सलीमभाई (आमची मशिनं तेच दुरुस्त करतात) म्हणाले, “टेन्शन कशाला घेता वहिनी? आमच्या मुलीला, रुखसानाला बसवा एक दिवस. कोण विचारतंय?” हो म्हणून टाकलं.

२१ फेब्रु., शनि.
हो म्हटल्यापासून घास गोड लागत नाही. रुखसानाला शिवता येतं, प्रश्न तो नाही. मी खोटं बोलले की कान लाल होतात, ह्यांना लग्नापासून माहीत आहे.
सलीमभाईंना नको म्हणून सांगितलं. चिडले नाहीत. “जशी तुमची मर्जी. मशिनांना तेल देऊन ठेवतो.”

२२ फेब्रु., रवि.
आले! बायकोसकट. तिला आळंदीला न्यायचं होतं, वाटेत इकडे. त्या बाई गाडीत कुठल्या थांबतायत, आत येऊन मंगलताईंना विचारत बसल्या, हे कापडी कप्पे कशाला शिवता? गाडीच्या सुट्या भागांना पेटीत ओरखडे पडू नयेत म्हणून, असं ताईंनी दोनदा समजावलं.

साहेबांनी माणसं मोजली. “फॉर्मवर सहा. इथं पाच.”
“एक बाळंतपणाला गेली, साहेब. आली नाही.”
“मशीन तर सहाही चालू दिसतात.”
“सहावं मी चालवते.”
“मग तुम्हाला धरून किती?”
मंगलताईच बोलल्या, “सहा की! बाईच तर समद्यांत जास्ती शिवत्यात.”
“मग हजेरीत यांचं नाव कुठाय?”

तीन वर्षं रोज हजेरी मीच मांडते. स्वतःचं नाव घालायचं सुचलंच नाही. मालकीण ना मी!
“नाव घाला,” म्हणाले. “मालकीणही धरतात. मी अहवाल चांगला देतो, पुढचं वरच्यांच्या हातात.”

ते गेले आणि मी सगळ्यांसमोर रडले. किती हलकं वाटलं. रुखसानाच चहा घेऊन आली.

२३ फेब्रु., सोम.
हजेरीत सहावी ओळ आखली. मंगलताई : “आता उशिरा आलात तर खाडा मांडीन.” मांडतील, भरवसा नाही.

२६ फेब्रु., गुरुवार
पत्र नाही. कार्यालयात फोन केला. “मॅडम, फाइल वर गेलीये.” वर म्हणजे किती वर, विचारलं नाही.

शटरवर पाटी लावली आहे : ‘गुरुवारी सुट्टी. धंदा चालू आहे.’

काल हजेरीत आजच्या रकान्यात सहाही नावांपुढे ‘सु.’ लिहिलं. माझ्याही. म्हणून कापड घरी आणलंच नाही. आता जेवून झोपते. पोस्टमन आला तर तेवढं उठवा, असं ह्यांना सांगून ठेवलंय.