लक्ष्मीच्या पावलांशेजारी

८ ऑक्टो., बुध. बख्शी का तालाब

तुळशीपुढची रांगोळी आज परत तुडवलेली. काळू कुत्राच, दुसरं कोण. सकाळी सकाळी त्याच्या नावाने खडे फोडले, पण स्वारी कुठे दिसेना.

म. अजून जोधपूरला टीडीवर, म्हणजे तात्पुरत्या ड्युटीवर. लक्ष्मीपूजनाला येतो म्हणतो. लग्नाला सोळा वर्षं झाली, हवाई दलातल्या नवऱ्याच्या 'येतो'वर कुकर लावायचा नाही एवढं शिकले आहे.

सासूबाई पहाटे परत बागेत. रोजचंच झालंय. आई पाचला कडी काढतात नि मागे पेरूंखाली जाऊन म्हशीला हाका मारतात. म्हैस जुन्नरकडच्या गावात होती. तीस वर्षांपूर्वी मेली.

१० ऑक्टो., शुक्र.

दूधवाले भैया आले, रांगोळीकडे बघितलं नि कॅन खालीच ठेवला. "बहूजी, ये कुत्ता नहीं है. कुत्ते के नाखून दिखते हैं."

पंजा माझ्या तळहाताएवढा. नखं नाहीत. शेजारच्या उसातून येऊन तुळशीला वळसा, परत उसात. काळू चार दिवसांत दिसला नाही हे तेव्हा लक्षात आलं. पाचावर धारण बसली माझी.

आई आल्या, वाकून बघितलं, हात जोडले. "बिबट्या हाय. मादी." जुन्नरच्या बाईला कोण शिकवणार. तासाभराने मलाच विचारत होत्या, ही रांगोळी कोणी फिसकटली.

११, शनि.

वनविभागाचे दोघे येऊन गेले. फोटो काढले. पिंजरा दुसऱ्या गावात लावलाय, मोकळा झाला की आणू. तोवर अंधारात बाहेर नको, पूर्ण उजाडेपर्यंत नको. बेटी का ध्यान रखिए, म्हणाले. मुक्ताचं सोडा, आठवीत आहे, सांगितलेलं कळतं. आईंना कोण सांगणार? सांगितलं तरी पाच मिनिटांनी...

१३, सोम.

सुताराकडून दाराला वर दुसरी कडी बसवून घेतली, आईंचा हात पोचणार नाही अशी. पहाटे दोन्ही मुठींनी दार बडवत होत्या. "कोंडलंस मला. माझ्याच घरात कोंडलंस." स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

म. फोनवर: तिघी शहरात, महानगर भागात माझ्या मित्राकडे जाऊन राहा. सांगायला काय जातं. मागच्या वर्षी चारबाग स्टेशनवर मी तिकीट काढेपर्यंत आई निघून गेल्या होत्या, दीड तासाने कुलींच्या घोळक्यात सापडल्या. परक्या घरात तर संपलंच. इथे निदान पेरू ओळखतात.

१५, बुध.

चकल्या फसल्या. लक्ष कुठंय. फाटकापासून दारापर्यंत रोज रांगोळी चाळून ठेवते आता, नुसती पांढरी. शेजारणीला वाटतं दिवाळीची हौस. सकाळी काही उमटलेलं नसलं की त्या दिवशी घास उतरतो.

१७, शुक्र. वसुबारस

मातीची गाय-वासरू पुजली. आई आज एकदम लख्ख. म्हणाल्या, आज वाघबारस पण असते. गावात वाघोबाच्या दगडाला निवद द्यायचे, दिला की तो वर्षभर आपल्या वाटेला जात नाही. किती दिवसांनी सलग बोलल्या. मी बी.एस्सी. झालेली बाई, पण घाबरल्यावर बी.एस्सी. कुठे जाते कोण जाणे. पेरूखाली दगड मांडला, शेंदूर लावला. भात, अंडं, नि आईंनी मागितली म्हणून कोंबडीसुद्धा.

आईंनी हात जोडले. "बाई, तुझं तू खा. आमचं लेकरू आमच्यापाशी राहू दे."

मुक्ता व्हरांड्यातून बघत होती. "मम्मी, आप उसको खाना दे रही हो?"

गप्प बस म्हटलं तिला. ओरडलेच जरा.

१८, शनि.

ताट चाटून पुसून स्वच्छ. रांगोळीत दोन तऱ्हेचे पंजे. मोठे, नि मागोमाग लहान. पिल्लू आहे.

वनविभागाचा माणूस आधी हसला, मग चिडला. दावत कशाला दिली, आता रोज येईल ती, म्हणाला. खरंय त्याचं. विकतचं दुखणं घेतलं मी. पिंजरा मंगळवारी. म.ला कोंबडीचं सांगितलं नाही.

२०, सोम.

इथल्यांची दिवाळी आज, आपल्या कॅलेंडरात लक्ष्मीपूजन उद्या. मुक्ता हट्टाला पेटली म्हणून लक्ष्मीची पावलं आजच काढली, फाटकापासून उंबऱ्यापर्यंत. दोन दिवस पंजा नाही. एवढ्या फटाक्यांत कशाला थांबतेय ती, गेली असेल. संध्याकाळी मुक्ता नि मी फाटकाशी उभ्या राहून आतषबाजी बघितली. बरं वाटलं आज. म. उद्या दुपारी पोचतो. खरंच, तिकिटाचा फोटो पाठवलाय.

२१, मंगळ. सकाळ, ७.१०

वरची कडी मुक्ताने लावली असं मला वाटलं. तिला वाटलं, मी.

पावणेसहाला आईंचं अंथरूण रिकामं. दार सताड. काठी घेऊन धावले. रांगोळीत आईंची पावलं, बाहेर जाणारी, उजवा पाय फरफटलेला. पेरूखाली दगडाशी बसल्या होत्या. अंगावर ओरखडा नाही. "आत्ता इथं होती," म्हणाल्या. जवळजवळ उचलून आणलं, दोन्ही कड्या लावल्या.

मग फरशीकडे लक्ष गेलं. रांगोळीचे लहान ठसे. उंबऱ्यापासून हॉलमधून कोठीच्या खोलीपर्यंत. आत गेलेले आहेत, परत आलेले नाहीत. कोठीचं दार ओढून घेतलं.

ती व्हरांड्यात आहे. करवत चालवल्यासारखा आवाज, थांबून थांबून. कोठीतून बारीक उत्तर येतं.

वनविभाग: सुट्टी आहे, माणसं जमवायला दोन तास. दरवाज़ा मत खोलिए. म. गाडीत, फोन लागत नाही.

आम्ही तिघी बेडरूममध्ये. आई लख्ख. आजच लख्ख. "कोठीचं उघड, पुढचं उघड, नि आपण हितं बसू. तिचं लेकरू आत हाय. ती जाईल का टाकून? तू गेली असतीस?"

इथून कोठीचं दार बारा पावलं. तिथून पुढचं दार सात. मग परत इथे.

मुक्ताने ओढणी धरून ठेवलीय. कधी नाही ते मराठीत बोलली. "आई, नको ना जाऊ."

७.२५. पुढच्या दाराला नखं लागताहेत. फळी जुनी आहे, खालून कुजलेली. दोन तास नाही टिकणार.

कोठीतलं रडणं थांबत नाही.

७.३०. ओढणी मुक्ताच्या हातातच राहू दे. उठते.